नाताळचे झाड : रानातून शेतात

गेल्या नाताळात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. हल्ली पत्र म्हणजे फोनच्या पडद्यावरचा मजकूर. पण हा मजकूर चांगला लांबलचक होता, म्हणून त्याला पत्रच म्हणतो. हा गृहस्थ अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात नोकरीला असतो. त्याची आई तेव्हा त्याच्याकडे गेलेली होती. सातारा जिल्ह्यातली, शेतीत जन्म काढलेली बाई. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ही सगळी मंडळी गाडीत बसून डोंगरातल्या एका शेतावर गेली. शेत कशाचे? तर नाताळच्या झाडांचे. तिथे आपण जायचे, ओळीओळींतून हिंडून आपल्या पसंतीचे झाड निवडायचे, आपल्या हाताने कापायचे आणि पैसे मोजून घरी न्यायचे. शाळेतल्या मित्रांच्या घरी झाड येते, तेव्हा ते आपल्याही घरी हवे, हा मुलांचा हट्ट. नातवाने झाड पसंत केले, मुलाने करवत हातात घेतली, आणि आजी म्हणाल्या, "अरे, हिरवंगार उभं झाड कापायचं? आणि तेही सणासाठी?"

"झाड शेवटी कापलंच," असे त्याने लिहिले होते, "पण आईला उत्तर देता आलं नाही. सर, तुम्ही इतिहास शिकवता. याचं उत्तर इतिहासात आहे का?"

खरे सांगायचे तर, इतिहास शिकवणाऱ्याला असा प्रश्न कोणी विचारला की बरे वाटते. परीक्षेत येणारे प्रश्न वेगळे आणि माणसाला खरोखर पडणारे प्रश्न वेगळे. म्हटले, शोधून पाहू. शोधता शोधता ध्यानात आले की आजींचा प्रश्न काही साताऱ्याहून विमानात बसून तिकडे गेलेला नाही. नाताळचे झाड जितके जुने, जवळजवळ तितकाच हा प्रश्नही जुना आहे. लोकांनी वेळोवेळी त्याला निरनिराळी उत्तरे दिली. त्यांतली काही आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम आपल्याला ऱ्हाइन नदीच्या काठी अल्सास प्रांतात गेले पाहिजे. हा प्रांत आज फ्रान्समध्ये आहे. सोळाव्या शतकात तो पवित्र रोमन साम्राज्यात मोडत असे आणि तिथली बोली जर्मन होती. तिथल्या सेलेस्ता नावाच्या गावाच्या १५२१ सालच्या जमाखर्चात एक नोंद आहे. संत थॉमसच्या दिवसापासून, म्हणजे २१ डिसेंबरपासून, रानातल्या हिरव्या झाडांवर नजर ठेवण्याबद्दल राखणदारांना चार शिलिंग दिले, अशी ती नोंद. नाताळच्या झाडाच्या अगदी जुन्या पुराव्यांत तिची गणना होते. आता गंमत पाहा. ही नोंद झाड सजवल्याची नाही, झाड राखल्याची आहे! नाताळ जवळ आला की लोक रानात शिरत आणि झाडे तोडून नेत. तेव्हा गावाला राखणदार ठेवावे लागले.

पुढे १५६१ साली त्याच प्रांतातल्या आमर्शविर गावाने नियम केला. कोणाही नागरिकाने नाताळासाठी एकाहून अधिक झाड आणू नये, आणि ते आठ 'बुटां'हून लांब असू नये. बूट हे तेव्हाचे मोजमाप, साधारण आपल्या फुटाएवढे. म्हणजे बंदी नव्हती. माप ठरवून दिले होते. घराला एक झाड, आणि तेही बेताचे. सणही राहावा आणि रानही राहावे, अशी ही जुनी तडजोड.

हे झाड लोक घरी नेऊन काय करीत, तेही आपल्याला ठाऊक आहे. १६०५ साली स्ट्रासबुर्ग शहरात आलेल्या एका प्रवाशाने लिहून ठेवले आहे की इथले लोक नाताळात खोलीमध्ये फरची झाडे उभी करतात आणि त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, पापुद्र्यासारख्या पातळ वड्या, सोनेरी वर्ख आणि साखरेच्या वस्तू टांगतात. सफरचंदे का? तर २४ डिसेंबर हा त्या पंचांगात आदम आणि हव्वा यांचा दिवस. त्या दिवशी त्यांच्या कथेचे नाटक होई आणि त्यात स्वर्गोद्यानातले झाड म्हणून सफरचंदे बांधलेले फर उभे करीत. हिवाळ्यात पाने न गाळणारे दुसरे झाड मिळणार तरी कोठून? नाताळच्या झाडाचे मूळ पुष्कळ अभ्यासक या नाटकात शोधतात. मार्टिन ल्यूथरने चांदण्या रात्री रानातून येताना हे झाड पाहिले आणि घरी मेणबत्त्या लावून सजवले, ही कथाही तुम्ही ऐकली असेल. कथा गोड आहे. पण ल्यूथर १५४६ साली वारला, आणि त्याच्या काळातला या गोष्टीला काही पुरावा नाही.

ही जर्मन घरांतली रीत राजघराण्यांच्या सोयरिकींतून पुढे सरकली. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्ज राजाची राणी शार्लट जर्मनीतून आलेली होती. तिने १८०० साली विंडसरला मुलांसाठी असे झाड उभे केले. पण सामान्य घरांत ते शिरले ते एका चित्रामुळे. १८४८ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने व्हिक्टोरिया राणी, तिचे पती आल्बर्ट आणि मुले सजवलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र छापले. दोनच वर्षांनी, १८५० साली, अमेरिकेतल्या 'गोडीज लेडीज बुक' या मासिकाने तेच चित्र घेतले. मात्र राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढून टाकला आणि आल्बर्टच्या मिशा पुसल्या! झाले, राजकुटुंबाचे अमेरिकन कुटुंब झाले आणि ते झाड घरोघरी हवेसे वाटू लागले.

इथून प्रश्नाचे रूप पालटले. एका गावाची हौस असते तोवर चार शिलिंगांचा राखणदार पुरतो. पण लाखो घरांना वर्षाच्या एकाच आठवड्यात तेच झाड हवे झाले, म्हणजे काय करायचे? अमेरिकेने पहिले उत्तर दिले ते अगदी सरळ : रान अफाट आहे, तोडा आणि विका. १८५१ साली मार्क कार नावाचा एक लाकूडतोड्या कॅटस्किल डोंगरातून बैलांच्या दोन घसरगाड्या भरून झाडे घेऊन न्यूयॉर्कला आला. वॉशिंग्टन मार्केटजवळ पदपथावरची जागा त्याने एका डॉलरने भाड्याने घेतली. माल हां हां म्हणता संपला. तिकडे नाताळच्या झाडांचा किरकोळ बाजार इथून सुरू झाला, असे सांगतात.

हा धंदा कसा होता, हे शिकागोच्या 'नाताळच्या झाडांच्या जहाजा'वरून कळते. 'राउझ सिमन्स' हे तीन डोलकाठ्यांचे जुने शिडाचे गलबत. हर्मन शूनेमन हा त्याचा कप्तान. दरवर्षी नोव्हेंबरात तो मिशिगन सरोवराच्या उत्तरेकडच्या रानातून झाडे भरून आणी आणि शिकागोत क्लार्क स्ट्रीटच्या पुलापाशी गलबत लावून तिथूनच विकी. १९१२ च्या नोव्हेंबरात हजारो झाडे लादून ते निघाले. २३ नोव्हेंबरला वादळात सापडले आणि बुडाले. एक माणूस वाचला नाही. कप्तानाची पत्नी बार्बरा आणि मुली यांनी तो धंदा पुढे कित्येक वर्षे चालवला. १९७१ साली एका पाणबुड्याला विस्कॉन्सिनच्या किनाऱ्याजवळ ते गलबत सापडले, तेव्हा कोठारात झाडे तशीच रचलेली होती. एकोणसाठ वर्षे! माणसे जिवावर उदार होऊन झाडे आणीत, कारण झाड होते दूरच्या रानात आणि सण होता शहरात. आणि एक गोष्ट लक्षात घ्या : त्या कोठारातली झाडे कोणी लावलेली नव्हती.

आजींचा प्रश्न अशा वेळी पुन्हा पुढे आला, तर नवल नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकन वृत्तपत्रांत यावर वाद होई की नाताळापायी जंगले बोडकी होत आहेत. थिओडोर रुझवेल्ट तेव्हा अध्यक्ष होते आणि रानांचे कैवारी म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या घरात नाताळचे झाड नसे. त्यांनी झाडावर बंदीच घातली होती, असे पुष्कळदा सांगितले जाते; त्याला आधार नाही. मात्र १९०२ साली त्यांचा मुलगा आर्ची याने व्हाइट हाउसमधल्या सुताराला हाताशी धरले आणि एक लहानसे झाड मोठ्या कपाटात लपवून सजवले, हे खुद्द रुझवेल्टांच्या पत्रावरून दिसते. पोराने बापाला नाताळच्या सकाळी कपाट उघडून दाखवले!

या काळात एक उत्तर जर्मनीहून आले होते : खरे झाड नकोच. तिकडे हंसाची पिसे हिरवी रंगवून तारेवर गुंडाळीत आणि झाड करीत. पुढे १९३० च्या सुमारास ब्रश करणाऱ्या कारखान्यात ब्रशाच्याच केसांची झाडे झाली, १९५० नंतर ॲल्युमिनियमची झाली, मग प्लास्टिकची.

पण दुसरे उत्तर शेतकऱ्याचे होते. १९०१ साली न्यू जर्सी राज्यात ट्रेंटनजवळ मॅकगॅलियर्ड नावाच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीत नॉर्वे स्प्रूसची २५,००० रोपे लावली. कशासाठी? तर नाताळात कापून विकण्यासाठी. अमेरिकेतले पहिले नाताळच्या झाडांचे शेत म्हणून याचेच नाव घेतात. रोपे लावून सात-आठ वर्षे वाट पाहायची आणि मग पीक काढायचे. शेजाऱ्यांना हा वेडेपणा वाटला असेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. पुढे फ्रँकलिन रुझवेल्ट यांनीही हाइड पार्कच्या आपल्या जमिनीत अशी झाडे लावली. देशाचा अध्यक्ष असताना 'मी झाडे पिकवणारा' असे ते अभिमानाने सांगत. दुसऱ्या महायुद्धानंतरही काही वर्षे बरीच झाडे रानातूनच येत. मग घरोघर मोटारी आल्या, शहरापासून तासा-दोन तासांवरच्या शेतकऱ्यांनी पडीक माळ लागवडीखाली आणले, आणि गिऱ्हाइकालाच शेतावर बोलावण्याची चाल पडली. शेतकऱ्याची तोडणी वाचली, वाहतूक वाचली. गिऱ्हाइकाला सहल घडली. आज अमेरिकेत विकले जाणारे जवळजवळ प्रत्येक खरे झाड शेतातले असते. ऑरेगन आणि नॉर्थ कॅरोलायना ही दोन राज्ये त्यात आघाडीवर आहेत.

आता माझा विद्यार्थी ज्या शेतावर गेला तिथे येऊ. तिथले झाड फ्रेझर फर. पाने म्हणजे आखूड, मऊ सुया. उलट्या करून पाहिल्या तर खाली दोन चंदेरी रेघा. फांद्या ताठ, वजन पेलणाऱ्या. सुया लवकर गळत नाहीत. बियापासून सहा-सात फुटांचे झाड व्हायला सुमारे बारा वर्षे लागतात. त्यांतली पहिली चार-पाच रोपवाटिकेत जातात, बाकीची शेतात. आपल्याला चित्रात दिसतो तो नेमका शंकूचा आकार काही झाड आपण होऊन घेत नाही. दर उन्हाळ्यात माणूस लांब सुरी घेऊन ओळीतून चालतो आणि प्रत्येक झाडाच्या कडा छाटतो. शेंडे दोन निघाले तर एक ठेवतो. गवत काढायचे, किडीवर फवारणी करायची, हरणे हाकायची. मोठ्या शेतांवरचे हे काम पुष्कळसे मेक्सिकोहून हंगामापुरते येणारे मजूर करतात. मुळे कुजवणारा एक रोग आहे. तो एकदा जमिनीत शिरला की तिथे फ्रेझर फर पुन्हा धड येत नाही. मग दुसऱ्या जातीच्या फरच्या मुळावर याचे कलम बांधतात. थोडक्यात, आपल्याकडे आंब्यासाठी जे करावे लागते त्याहून हे फारसे वेगळे नाही. फक्त आंबा दरवर्षी फळतो, आणि हे पीक बारा वर्षांतून एकदाच हाती येते.

निवडण्याचीही एक रीत आहे. फाटकाशी करवत मिळते आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसवून वर नेतात. उघड्या माळावर झाड लहान दिसते आणि घरात आणल्यावर आढ्याला टेकते. म्हणून जाणते लोक घरूनच उंची मोजून, काठीवर खूण करून नेतात. झाडाभोवती पूर्ण फेरी मारायची, बुंधा सरळ आहे का ते पाहायचे, फांदी हलकेच ओढून सुया हातात येतात का ते बघायचे. मग एकाने झाड धरून किंचित कलते करायचे आणि दुसऱ्याने जमिनीवर आडवे होऊन अगदी बुडाशी करवत चालवायची. पाच मिनिटांत काम होते. यंत्रावर झाड गदागदा हलवले की जुन्या वाळक्या सुया झडतात. मग ते जाळीत आवळून गाडीच्या टपावर बांधतात. घरी नेल्यावर बुडाची पातळ चकती पुन्हा कापायची, कारण पहिल्या कापावर राळ धरून तोंड बंद होते. आणि झाड लगेच पाण्याच्या बैठकीत उभे करायचे. ताजे झाड पुष्कळ पाणी पिते. पाणी आटले की सुकते, आणि सुकलेले झाड दिव्यांजवळ धोक्याचे.

इथपर्यंत सगळे ठीक वाटते. पण आजींच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती मला या शोधात अनपेक्षित सापडली. हे फ्रेझर फर जगात रानटी स्थितीत फक्त दक्षिण ॲपलाचियन पर्वतांच्या उंच माथ्यांवर होते. जॉन फ्रेझर या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव त्याला मिळाले. युरोपातून आलेला माव्याच्या जातीचा एक बारीक कीटक, अंगावर कापसासारखे पांढरे आवरण असलेला, १९५७ साली माउंट मिचेलवर दिसला. हे मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचे सर्वांत उंच शिखर. पुढच्या काही दशकांत त्या माथ्यांवरची बहुतेक मोठी झाडे वाळली. आज ही जात रानात धोक्यात आलेली मानली जाते. आणि त्याच डोंगरांच्या उतारावर, खाली, त्याच झाडाच्या ओळीच्या ओळी शेतांतून उभ्या आहेत, कोट्यवधींच्या संख्येने. जिथे कोणी कुऱ्हाड चालवली नाही तिथे ते मेले, आणि जिथे दरवर्षी करवत चालते तिथे ते टिकले. याचा अर्थ शेत हे रान आहे, असा मात्र नव्हे. रानात झाड म्हातारे होते, पडते, त्याच्या सावलीत शेवाळ वाढते, पाखरे राहतात. शेतातले झाड बारा वर्षांवर जगत नाही. जात राहिली, पण त्या जातीचे रान राहिले नाही. इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

आणि शेतकऱ्याचे म्हणाल, तर त्याचा जुगार आपल्या शेतकऱ्याहून लांब पल्ल्याचा आहे. २००८ च्या मंदीत झाडांना उठाव नव्हता. पुष्कळांनी नवी लागवड कमी केली, काहींनी धंदाच सोडला. त्याचा परिणाम कधी दिसला? २०१६-१७ नंतर, झाडे तुटवड्याने महागली तेव्हा. २०२४ च्या सप्टेंबरात हेलीन वादळाने त्याच डोंगरात दरडी कोसळल्या, रस्ते वाहून गेले, काही शेतांतल्या झाडांच्या ओळीच मातीसकट खाली गेल्या. दहा वर्षांचे पीक एका रात्रीत गेले, म्हणजे ते पुन्हा उभे करायला आणखी दहा वर्षे.

दुसरीकडे प्लास्टिकचे झाड आहेच, आणि आज अमेरिकेतल्या बहुसंख्य घरांत तेच असते. ते कापावे लागत नाही, म्हणून काहींना ते अधिक सात्त्विक वाटते. मॉन्ट्रियलच्या एका संस्थेने २००९ साली हिशेब केला. त्यात असे निघाले की प्लास्टिकचे झाड सुमारे वीस वर्षे वापरले तर कुठे ते खऱ्या झाडाच्या बरोबरीला येते. इतरांचे हिशेब याहून कमी वर्षांचे आहेत, आणि झाड आणायला मोटार किती लांब दामटली यावरही पुष्कळ अवलंबून असते. म्हणजे हिरवे झाड न कापल्याचे पुण्य इतके स्वस्त नाही.

हे सारे मी माझ्या विद्यार्थ्याला लिहिले आणि शेवटी आजींसाठी चार ओळी जोडल्या. लिहिले की तुमचा प्रश्न योग्य आहे. पाचशे वर्षांपूर्वी एका गावाने तो विचारला आणि राखणदार बसवला. जे झाड कोणी लावले नाही ते सणासाठी तोडायचे, तर आधी माप ठरवायला हवे. दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडताना आपणही हे विसरतो. पण तुमच्या नातवाने निवडलेले झाड कापण्यासाठीच लावलेले होते. ते कापले म्हणून शेतकरी पुढल्या वसंतात त्याच्या शेजारी नवे रोप लावील. कोणी कापायला आलेच नाही, तर तो तिथे दुसरे काही करील. कदाचित घरांसाठी जमीन विकील.

दहा-बारा दिवसांनी उत्तर आले. "आईला सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, 'मग उसासारखंच की रे ते. तोडीला आलं की तोडायचं. पण बारा वर्षं पोरासारखं सांभाळून परक्याच्या हातात करवत द्यायची, हे आपल्याला नसतं जमलं.'" खाली त्याने लिहिले होते की जानेवारीत नगरपालिकेची गाडी येऊन जुनी झाडे घेऊन जाते आणि यंत्रात घालून त्यांचा भुसा करते. तो बागेतल्या वाटांवर आणि झाडांच्या बुंध्याशी पसरतात. गाडी यायच्या दिवसापर्यंत आजी रोज सकाळी त्या झाडाच्या बैठकीत पाणी घालीत होत्या.